डोकं कुठं, पाठ कुठं

आठवा महिना सरत आला की पोटातलं मूल जागा धरायला लागतं, आणि ती जागा आईच्या हाताला कळते. सोनोग्राफी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते. तुझा हात मात्र दिवसभर पोटावर असतो. तो काय सांगतोय हे ओळखता यावं, म्हणून हे लिहून देते आहे. तुझं काम झालं की पुढच्या मुलीला दे.

मला हे दोघींनी शिकवलं. एक आमच्या ट्रेनिंगच्या सिस्टर आणि दुसरी सातारा जिल्ह्यातल्या माझ्या पहिल्या आरोग्य केंद्राच्या गावची म्हातारी सुईण. सिस्टर पोट तपासायच्या चार पद्धती शिकवायच्या. त्या जर्मनीच्या लिओपोल्ड नावाच्या डॉक्टरांनी १९व्या शतकाच्या अखेरीस नीट बसवून दिल्या, आणि आजही जगभरच्या नर्सा त्याच शिकतात. सुईणीने पुस्तक पाहिलं नव्हतं, पण तिचे हात पोटावर त्याच चार ठिकाणी जायचे. त्या दोघींचं जिथं जुळतं, ते मी तुला निर्धास्त सांगते. एका ठिकाणी अजिबात जुळत नाही, तिथं तू सिस्टरांचंच ऐकायचं. ते ठिकाण पुढे येईलच.

इथे सेक्टर ६७ मध्ये आपली मराठी घरं मोजकी. नायपर या संस्थेच्या आवारात काही, आजूबाजूच्या सोसायट्यांत काही. पत्ता मोहालीचा, राज्य पंजाब, पण गावाकडे सांगताना सगळे चंदीगडच सांगतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण अंबाल्याहून झेलम एक्सप्रेसने पुणं गाठायचं म्हणजे दीड दिवसाच्या आसपासचा प्रवास, आणि ३६व्या आठवड्यानंतर विमानातही सहसा घेत नाहीत. त्यामुळे बऱ्याच मुली इथेच थांबतात. आई येते ती शेवटच्या पंधरवड्यात. मधल्या दिवसांत सोनोग्राफीच्या खोलीत कुणीतरी सहज म्हणतं, "बच्चा उलटा है," आणि ही पोर घरी येऊन रात्रभर रडते.

म्हणून आधी तेच. उलटं म्हणजे कुल्ले किंवा पाय खाली, डोकं वर. आपण पायाळू म्हणतो ते. २८व्या आठवड्याला चार-पाच बाळांतलं एक असंच असतं. तेव्हा आत पाणी भरपूर, बाळ लहान, ते दिवसातून कितीदा तरी गिरक्या घेतं. वजन वाढतं, जागा कमी पडते, डोकं आपोआप खाली येतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उलटी राहतात. तेव्हा ३०व्या आठवड्याच्या रिपोर्टात 'ब्रीच' वाचून तू काहीच करायचं नाहीस. ३६व्या आठवड्याला पुन्हा बघायचं. तोच खरा मुक्काम.

आता हात कसा ठेवायचा ते.

रात्रीचं जेवण होऊन तासभर झाला, बाळ जागं झालं, की लघवी करून ये. हे विसरू नकोस, कारण भरलेलं मूत्राशय हाताला थेट बाळाच्या डोक्यासारखं लागतं आणि भल्याभल्यांना फसवतं. पलंगावर पाठीवर पड, गुडघे वाकव, डोक्याखाली उशी आणि उजव्या कुल्ल्याखाली एक लहान उशी, म्हणजे अंग जरासं डावीकडे कलतं. अगदी सपाट उताणं या दिवसांत फार वेळ पडायचं नाही. गर्भाशयाचा सगळा भार मागच्या मोठ्या शिरेवर येतो आणि घेरी येते. इथल्या जानेवारीत हात गार असतात, ते एकमेकांवर चोळून ऊन करून घे. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, सगळा तळवा सपाट ठेवायचा. पोट मधूनच घट्ट होतं, त्या वेळी हात तसाच ठेवून थांब. सैल झालं की पुढे.

अंगावरून रक्त गेलं असेल, वार खाली आहे असं सांगितलं असेल किंवा पोट दुखत असेल, तर यातलं काहीही करायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पहिला हात वर, बरगड्यांच्या खाली. तिथं काय आहे? बहुतेकींना रुंद, मऊसर, नीट कडा नसलेलं काहीतरी लागतं. ते कुल्ले. हलवून पाहिले तर बाळाचं सगळं अंग त्याबरोबर सरकतं. डोकं वर असेल तर तिथं सोललेल्या नारळासारखा गोल, टणक गोळा लागतो, आणि दोन बोटांनी एका बाजूने हलकेच सारला तर तो एकटा हलतो, कारण मान वळते. सुईण मला म्हणायची, कडकपणा बघू नको, हलणं बघ. कडक कधीकधी कुल्लेही लागतात. एकटं हलतं ते फक्त डोकं.

मग दोन्ही कुशींना दोन हात. एक हात स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने चाचपायचं, नंतर उलट. एका बाजूला वरपासून खालपर्यंत सलग, भरीव, गुळगुळीत लागतं. ती पाठ. दुसऱ्या बाजूला पोकळी, आणि त्यात हाताखालून सटकणाऱ्या लहान लहान गाठी. ते हातपाय. पाठ बहुधा डावीकडे असते, पण उजवीकडे असली तरी काही बिघडत नाही.

तिसरा हात खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या वर. इथे नर्सा खोलवर दाबून बघतात. ते तू करू नकोस, दुखतं आणि नीट कळतही नाही. नुसता तळवा ठेव आणि अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला करून हलकं चाचप. टणक गोळा लागला आणि इकडून तिकडे हलला, तर डोकं खाली आहे पण अजून बसलेलं नाही. हलत नसेल तर बसलं. पहिलटकरणीचं ते साधारण ३६ ते ३८व्या आठवड्याच्या दरम्यान बसतं, दुसऱ्या खेपेला पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच. बसलं की पोट उतरतं. श्वास मोकळा होतो, दोन घास जास्त जातात आणि लघवीला मात्र सारखं उठावं लागतं. ३६व्या आठवड्याला छातीच्या हाडापर्यंत चढलेली पोटाची उंची नंतर कमी होते, ती त्यामुळे. "बाळ वाढत नाही की काय" म्हणून उगाच घाबरू नकोस. शंका आली तर मोजून घे.

चाचपण्याहून सोपी खूण म्हणजे लाथा. आठवडाभर लक्ष ठेव. डोकं खाली असलं की जोराच्या लाथा वर बसतात, बहुधा एकाच बरगडीखाली, आणि खाली हातांची नुसती चुळबुळ जाणवते. उलटं असलं की लाथा खाली, मूत्राशयावर. बसल्या जागी दचकायला होतं, आणि वर छातीखाली काहीतरी टणक रुतत राहतं, वाकता येत नाही. उचक्या लागल्या की ठरावीक ठेक्यात धक्के बसतात. ते बेंबीच्या बरेच खाली जाणवले तर बहुतेक डोकं खाली, पण एकट्या उचकीवर मी भरवसा ठेवत नाही.

बेंबीभोवती खळगा पडला आहे, पोट समोरून चपटं दिसतं, लाथा पुढच्या बाजूला सगळीकडे, आणि कंबर कायम भरलेली, असं असेल तर बाळाचं डोकं खाली पण पाठ तुझ्या पाठीकडे असण्याची शक्यता आहे. पाठ हाताला सापडतच नाही, सगळीकडे हातपायच लागतात. अशी बाळं थोडी नसतात. कळा सुरू झाल्यावर त्यांतली बहुतेक स्वतःच वळतात; बाळंतपण जरा लांबतं, कंबरेत कळा जास्त येतात, एवढंच. यासाठी तुला शेजारणी सांगतील, खाली बसून पोछा मार, बाळ फिरेल. आपल्याकडेही सांगतात, लादी पूस म्हणून. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून जास्त गरोदर बायकांवर हे तपासून पाहिलं होतं. निम्म्यांना शेवटच्या आठवड्यांत रोज हातागुडघ्यांवर राहून कंबर हलवायला सांगितलं. २००४ साली निष्कर्ष छापून आले: बाळंत होताना बाळाची पाठ कुठं असते, यात काही फरक पडला नाही. कंबरेला बरं वाटत असेल तर जरूर तसं बस, पण बाळ फिरवायचं काम म्हणून अवघडल्या अंगाने लादी पुसत बसू नकोस.

आणि हे सगळं करूनही काही कळलं नाही, तर? तर काहीच नाही. वार पुढच्या बाजूला असेल, रिपोर्टात 'अँटेरियर प्लासेंटा' लिहिलेलं असेल, तर मधे गादी आल्यामुळे लाथाही बोथट लागतात. पहिलटकरणीचं पोट घट्ट असतं, कुणाच्या पोटात पाणी जास्त असतं. मुरलेल्या डॉक्टरांच्या हातालाही कधी चकवा बसतो, म्हणून तर शंका आली की ते सोनोग्राफी करतात.

दवाखान्यात गेलीस की एक गोष्ट बघून ठेव. नर्स बाळाचे ठोके ऐकायला यंत्र कुठं लावते? ठोके सर्वांत ठळक लागतात ते बाळाच्या पाठीवरून. बेंबीच्या खाली डावीकडे किंवा उजवीकडे सापडले तर डोकं खाली आणि पाठ त्या बाजूला. बेंबीच्या बरोबरीने किंवा वर सापडले तर बाळ उलटं असू शकतं. आमच्या वेळी ही यंत्रं नव्हती, पोटावर नळकांडं टेकवून त्याला कान लावायचा. पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ साली काढलेली ती नळी मी नोकरीभर वापरली. मिनिटाला ११० ते १६० ठोके चांगले. नर्सकडचं ते यंत्र ऑनलाइन मागवून घरी ठेवू नकोस. स्वतःच्याच नाडीचा किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकून मुली निश्चिंत होतात, आणि बाळाची हालचाल कमी झालेली असताना घरी बसून राहतात. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असं नव्हे. हालचाल हीच त्याची खुशाली. डाव्या कुशीवर पडून मोज. दोन तासांत दहा वेळा हललं नाही, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर रात्र असो, धुकं असो, जायचं.

आता ते न जुळणारं ठिकाण. सुईण तेल लावून बाळ फिरवायची. डोकं आणि कुल्ले दोन हातांत धरून पोटावरून ढकलत आणायची. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तिच्याकडे बाळाचे ठोके बघायला काही नव्हतं, वार कुठं आहे ते माहीत नव्हतं, आणि काही बिनसलं तर ऑपरेशनचं टेबल कोसभर लांब होतं. जोर लावला तर वार सुटते, आत रक्तस्राव होतो, आधीच्या सिझेरियनचा टाका असेल तर गर्भाशय फाटतं. इथे बाळंतिणीला आणि गरोदर बाईला मालिश करायला येणाऱ्या बायका आहेत. पाय चोळून घे, पाठ चोळून घे. पोटाला हात लावू देऊ नकोस, आणि ते पहिल्या दिवशीच हसत पण स्पष्ट सांगून टाक. हाताने ओळखायचं; हाताने फिरवायचं नाही. माझा कानमंत्र एवढाच आहे.

फिरवायचंच तर ते दवाखान्यात. ३६-३७व्या आठवड्यानंतरही मूल उलटं असेल तर डॉक्टर बाहेरून फिरवून बघू शकतात. गर्भाशय सैल करायचं औषध देतात, सोनोग्राफीने जागा बघतात, आधी आणि नंतर ठोके तपासतात, सिझेरियनची तयारी हाताशी असते. साधारण निम्म्या जणींच्या बाबतीत ते जमतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आधी विचार. सगळीकडे हे करत नाहीत, म्हणून ३६व्या आठवड्यालाच विचारायचं, "मॅडम, आप बाहर से घुमाती हैं क्या? या पीजीआय भेजेंगी?" सेक्टर १२ चं पीजीआय आणि सेक्टर ३२ चं सरकारी मेडिकल कॉलेज ही दोन्ही मोठी रुग्णालयं आपल्याला जवळ आहेत, हे या गावात राहण्याचं भाग्यच. नाही जमलं तर बहुतेक सिझेरियन सांगतील. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उलट्या बाळांसाठी ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित दिसलं. तेव्हापासून जगभर तसाच कल आहे. त्यात तुझा काही कमीपणा नाही.

बाळ उलटं का राहतं? कधी गर्भाशयाची ठेवण वेगळी असते, कधी गाठ असते, वार खाली असते, पाणी फार कमी किंवा फार जास्त असतं, जुळं असतं. कित्येकदा कारण सापडतच नाही. तू ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून नाही, उजव्या कुशीवर झोपलीस म्हणून नाही, स्कूटीवर बसलीस म्हणूनही नाही. पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीतलं पाणी कळतं, त्याने पाय लावला की भरलेली कंबर सुटते, असं आपल्या गावांत अजून बोलतात. कंबरेला पाय लावून घ्यायला लोक यायचे अशी पायाळू माणसं मी पाहिली आहेत. बाकी चारचौघांसारखीच होती ती. तुझं बाळ पायाळू निघालं तर घरच्यांनी विजेच्या गोष्टी सांगून त्याला पावसाळ्याची भीती घालू नये, एवढं बघ.

आडव्या मुलाचं मात्र वेगळं. याला मी खरी भिते. पोट उंच न वाटता रुंद वाटतं, एका कुशीत डोकं, दुसऱ्या कुशीत कुल्ले, वर आणि खाली दोन्हीकडे रिकामं. लवकरच्या महिन्यांत चालतं. ३६-३७व्या आठवड्यानंतर तसं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नको. बाळ आडवं असताना पाणमोट फुटली तर खाली वाट अडवायला डोकं नसतं, नाळच बाहेर येऊ शकते आणि दाबली जाऊ शकते. मग मिनिटांचा खेळ असतो. म्हणून अशा मुलीला डॉक्टर आधीच दाखल करून घ्यायचं म्हणाले तर ऐकायचं. घरी पाणी गेलंच तर उभं राहायचं नाही, चालायचं नाही. डाव्या कुशीवर, कुल्ल्याखाली उशा घालून, कुल्ले उंच ठेवून गाडीत झोपायचं आणि १०८ ला किंवा दवाखान्याला फोन करतानाच सांगायचं, "बच्चा आड़ा है, पानी छूट गया है." नाळ दिसली तर तिला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही. हे तुझ्या नवऱ्याला आजच वाचून दाखव.

आडव्या आणि अडलेल्या मुलांवर सुश्रुताने मूढगर्भाचा अख्खा अध्याय लिहिला आहे. आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेताना प्रबंधाला विषय घेतला तोही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत काय होतं ते बायकांनी नीट जाणून घ्यावं, ही ओढ आपल्या घरातली जुनी आहे. मुलींना मी हे नेहमी सांगते.

आणखी एक, आणि हे मी कुणाच्याही भिडेखातर मऊ करून सांगत नाही. पाठ उजवीकडे म्हणजे मुलगा, पोट टोकदार म्हणजे मुलगा, लाथा खाली म्हणजे मुलगी, असं तुला साताऱ्यातही ऐकवतील आणि इथेही. बाळाच्या जागेवरून यातलं काही कळत नाही. या जिज्ञासेने काय केलंय ते बघ. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ७९८ मुली उरल्या होत्या; २०११ ला ८४६. आपल्या महाराष्ट्राने गर्भलिंग चाचण्यांवर कायदा केला तो १९८८ ला, देशाचा आला १९९४ ला, आणि तरी २०११ ला आपल्याकडचा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा खाली गेला. सोनोग्राफीच्या खोलीत बाळाचं डोकं कुठं, वार कुठं, पाणी किती, हे सगळं विचारायचा तुला हक्क आहे. मुलगा की मुलगी, असं कुणी विचारायला लागलं तर तिथंच गप्प कर.

कागद कसा वाचायचा तेही सांगून ठेवते. 'सेफॅलिक' किंवा 'व्हर्टेक्स' म्हणजे डोकं खाली. 'ब्रीच' उलटं, 'ट्रान्सव्हर्स' आडवं, 'ऑब्लिक' तिरपं, 'अनस्टेबल' म्हणजे दर वेळी वेगळं. 'एलओए' म्हणजे बाळाची पाठ डावीकडे पुढे, 'ओपी' म्हणजे मागे. 'फ्लोटिंग' म्हणजे डोकं अजून तरंगतंय, 'एंगेज्ड' म्हणजे बसलं. पाच भागांचा अपूर्णांक लिहिला असेल तर तेवढं डोकं अजून हाडाच्या वर हाताला लागतं. पाचातले दोन किंवा कमी उरले की बसलं समजायचं. खासगीत जात असलीस तरी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून आहे. गरज पडली तर दुसऱ्या हाताने तपासून घ्यायला ती बरी.

तुझा ३६वा आठवडा नेमका धुक्याच्या दिवसांत येतो आहे. त्या तपासणीला सकाळची वेळ घेऊ नकोस, दुपारची घे. जाताना चार प्रश्न लिहून ने: डोकं खाली आहे का, बसलंय का, वार कुठं, पाणी पुरेसं आहे का. उत्तरं तारखेसकट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिही, हिंदीत. कळा सुरू झाल्यावर रात्रपाळीला कोण असेल सांगता येत नाही, आणि त्या वेळी तुला बोलायला सुधरणार नाही. ते पान नर्सच्या हातात द्यायचं. आई आली की तिलाही हे वाचायला दे. पोटाला तेल लावायचा आग्रह ती धरेल, कारण तिला तिच्या आईने लावलं होतं. तळहाताने हलकं तेल लावू दे, दाबू देऊ नकोस, आणि ऐकत नसेल तर मला बोलाव, मी येऊन बोलते.

— तुझी काकू